चौथ्या गोळीचा पंचनामा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या ३० जानेवारीच्या अंकात, गांधीजींच्या हत्येतील ‘चौथ्या गोळी’चे गूढ अजून उकललेले नाही, सबब नव्याने चौकशी व्हावी, अशी मागणी करणारा लेख वाचला. त्याच दिवशी सकाळी ११ वाजता भोंगा झाला, आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी बागेतल्या बाकावरून उठून दोन मिनिटे उभे राहिलो आणि पुन्हा खाली बसतो न बसतो तोच आमच्यातल्या एका गृहस्थांनी हा लेख सर्वांच्या मोबाइलवर पाठवला. वर ‘खरे खुनी वेगळेच’ अशी एक ओळ त्यांनी पदरची जोडली होती. आपल्या लेखात निदान प्रश्नचिन्ह होते, बाकापर्यंत येईतो ते गळून पडले. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी कापावे लागलेच, तर पुढे २० ते ३० जानेवारी १९४८ या दहा दिवसांविषयी जे लिहिले आहे तेवढे कृपया ठेवावे.

मी जिल्हा व सत्र न्यायालयात एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली नऊ वर्षे मुद्देमालाच्या खोलीत काढली. रक्ताचे डाग काळे पडलेला सदरा, दांडा मोडलेली कुऱ्हाड, काचेच्या बाटलीतले छर्रे असल्या वस्तूंच्या सहवासात माणूस फारसा हुशार होत नाही. पण त्याला एक खोड मात्र लागते. वस्तू समोर आली की तो आधी तिच्या चिठ्ठीकडे पाहतो. ती कोठे सापडली, कोणी जप्त केली, पंच कोण होते, लाखेचे सील शाबूत आहे का, आणि तेथून इथपर्यंत ती कोणाकोणाच्या हातून आली, एवढे चिठ्ठीवरून कळले तर ती वस्तू पुरावा ठरते. नाहीतर ती नुसती वस्तू. चौथ्या गोळीचा लेख मी याच खोडीने वाचला.

या गोळीची कथा थोडक्यात अशी. नथुराम गोडसेचे पिस्तूल बेरेटा बनावटीचे होते आणि त्याचा क्रमांक ६०६८२४ होता. त्यात सात गोळ्या बसतात आणि पकडले तेव्हा त्यात चार शिल्लक होत्या, म्हणजे त्याने तीन झाडल्या. परंतु दुसऱ्या दिवशीच्या काही वृत्तपत्रांत चार गोळ्यांचा उल्लेख आहे, आणि पार्थिवाला स्नान घालताना शालीतून एक गोळी मिळाली असा उल्लेख गांधीजींच्या नात्यातल्या मनूबेन गांधी यांच्या रोजनिशीत असल्याचे सांगितले जाते. मग ती चौथी गोळी कोणाची? या ‘मग’पासून पुढे दुसरा मारेकरी येतो, त्याच्यामागे ‘फोर्स १३६’ ही ब्रिटिशांची युद्धकालीन गुप्त संघटना येते, आणि पुण्यात शिजलेला कट बघता बघता लंडनला पोहोचतो. ही सगळी मांडणी मुंबईतील एका संशोधकाने सर्वोच्च न्यायालयापुढे नेली होती. न्यायालयाने ती हसण्यावारी नेली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांची न्यायमित्र म्हणून नेमणूक झाली. त्यांनी जुनी कागदपत्रे तपासून कळवले की गोळ्या, पिस्तूल, मारेकरी आणि त्यामागचा कट या सर्वांची ओळख आधीच पटलेली असून तिच्यावर संशय घ्यावा असे काही नवे समोर आलेले नाही. आणि २८ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. आपल्या लेखात याचिका दाखल झाल्याचे ठळकपणे आहे, ती फेटाळल्याचे एका शब्दानेही नाही. फिर्याद वाचून दाखवायची आणि निकालाचे पान चिकटवून टाकायचे, असा हा प्रकार झाला.

आता पहिल्या दिवशीच्या बातम्यांचे वजन किती धरायचे, हा खरा प्रश्न. आमच्या न्यायालयात एकदा बांधावरच्या भांडणातून झालेल्या खुनाचा खटला चालला होता. दुपारची वेळ, शिवारात माणसे कामाला, समोर डोंगर. आठ साक्षीदार तपासले गेले. दोघांनी दोन बार ऐकले होते, तिघांनी तीन, एका म्हातारबुवांनी छातीवर हात ठेवून पाच सांगितले, आणि उरलेल्या दोघांना नेमके आठवत नव्हते. मुद्देमालात आलेली बंदूक एकनळी ठासणीची होती. अशा बंदुकीचा एकच बार निघतो. दुसरा काढायचा तर पुन्हा दारू भरून, गज मारून ठासावी लागते आणि तेवढ्यात माणूस शेजारच्या गावी पोचतो. साक्षीदारांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. डोंगराने आवाज परत दिला होता आणि भीतीने त्यात आपली भर घातली होती. त्या आठांपैकी एखाद्याने त्याच संध्याकाळी वार्ताहराला ‘पाच बार’ सांगितले असते, ते छापून आले असते, तर सत्तर वर्षांनी दुसऱ्या बंदुकीचा शोध सुरू झाला असता.

गांधीजी दिल्लीत जेथे राहत होते त्या बिर्ला भवनाच्या हिरवळीवर ३० जानेवारीच्या संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास शेकडो माणसे होती, अंतर दोन-तीन हातांचे होते, आणि सगळा प्रकार काही सेकंदांत आटोपला. तेथील साक्षी एकमेकींशी तंतोतंत जुळल्या असत्या तर माझ्यासारख्याला उलट संशय आला असता. नथुरामला प्रथम कोणी धरले यावरही मतभेद आहेत. अमेरिकी दूतावासातले तरुण अधिकारी हर्बर्ट रायनर यांचे नाव येते, हवाई दलातल्या एका शिपाईगड्याचे येते, आणि हातातल्या अवजाराने वार करणाऱ्या रघू माळ्याचे येते. गांधीजींच्या तोंडून शेवटी ‘हे राम’ निघाले, ‘राम राम’ निघाले की शब्दच फुटला नाही, यावर आजही वाद होतात. पण म्हणून तेथे तीन गांधी होते असे कोणी म्हणत नाही. गोळ्यांच्या बाबतीत मात्र आकडा चुकला की लगेच माणूस वाढतो.

शालीतल्या गोळीचे कोडे तर मला मुळात कोडेच वाटत नाही. गोळी आरपार गेली की एका गोळीच्या दोन जखमा होतात, आणि दुमडलेल्या शालीतून गेली तर भोके आणखी वाढतात. जखमा आणि भोके मोजून गोळ्यांची संख्या काढू नये हे मुद्देमालाच्या खोलीतला नवखा शिपाईसुद्धा पहिल्या महिन्यात शिकतो. अंगातून बाहेर पडून लोकरीच्या घडीत अडकलेली गोळी ही झाडलेल्या तिनांपैकीच एक असायला कोणती हरकत आहे? तिला चौथी म्हणायचे तर आधीच्या तिन्ही दुसरीकडे मोजून दाखवाव्या लागतील. दिल्लीचे सिव्हिल सर्जन कर्नल तनेजा यांनी पार्थिवाची बाह्य तपासणी केली होती, आणि गोळ्या शिरल्याच्या जखमा त्यात तीनच आहेत, एक छातीवर आणि दोन पोटावर. शवविच्छेदन झाले नाही, हे खरे. ते झाले असते तर बरे झाले असते, हेही खरे. परंतु जे केले गेले नाही त्याच्या रिकाम्या जागेत आपल्याला हवे ते लिहून ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

आणि ज्याला पहिली नोंद पाहायची आहे त्याने वर्तमानपत्राच्या आधी फिर्याद पाहावी. तुघलक रोड पोलीस ठाण्यात त्याच संध्याकाळी नंदलाल मेहता यांनी दिलेली ही फिर्याद उर्दूत लिहिलेली आहे. मेहता प्रार्थनेला जाताना गांधीजींच्या जवळच होते, आणि त्यांनी सांगितलेला आकडा तीन आहे. पुढे लाल किल्ल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला, सरकारपक्षाने १४९ साक्षीदार तपासले, आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. सिमल्यात बसलेल्या पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी अपिलात सगळे पुन्हा चाळले, त्यात डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या सुटले, म्हणजे ते नुसते शिक्का मारायला बसले नव्हते. नथुरामने मात्र खुनाबद्दलच्या शिक्षेविरुद्ध अपीलच केले नाही. त्याचा वाद होता तो कटाच्या आरोपाशी. गोळ्या आपण झाडल्या हे त्याने कधी नाकारले नाही. जन्मठेप झालेले नथुरामचे धाकटे बंधू गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल पाहवा १९६४ मध्ये सुटले. गोपाळरावांना तर त्यानंतर चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्या काळात ते या विषयावर भरपूर बोलले, लिहिले. कोणा परक्या मारेकऱ्याच्या माथी दोष मारून मोकळे होण्याची संधी ज्यांना सर्वांत जास्त होती त्यांच्या सांगण्यातही गोळी झाडणारा हात एकच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राजकीय हत्येत कट असल्याचा संशय घेणारा प्रत्येक माणूस भ्रमिष्ट असतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. या हत्येत तर कट होताच, आणि तो पुराव्याने सिद्ध झालेला आहे. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे हा पुण्यातला शस्त्रविक्रेता. पिस्तूल मिळाले ग्वाल्हेरात. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट झाला तेव्हा कटातली मंडळी एकत्र हजर होती. सावरकरांना न्यायालयाने निर्दोष सोडले, कारण त्यांच्याविरुद्धच्या बडगेच्या साक्षीला स्वतंत्र आधार मिळाला नाही; वीस वर्षांनी या हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने अहवालात वेगळ्या आशयाचे मत नोंदवले. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे आणि आयोगाच्या मताने निर्दोष मुक्तता रद्द होत नाही. तसेच आयोगाने लिहिलेले लिहिलेच नाही असेही म्हणता येत नाही. ज्याला वाद घालायचा आहे त्याने तो येथे, कागद समोर ठेवून, घालावा.

पण खरा संताप यावा अशी जागा वेगळीच आहे, आणि चौथ्या गोळीच्या धुरात ती दिसेनाशी होते, ही माझी मुख्य तक्रार आहे. १९६४ च्या नोव्हेंबरात पुण्यात, सुटून आलेल्यांच्या सत्कारप्रसंगी लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधी कळला होता. त्यावर गदारोळ झाला, चौकशी नेमली गेली, ती पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे आली आणि १९६९ मध्ये तिचा अहवाल पूर्ण झाला. तो अहवाल रहस्यकथेहून विलक्षण आहे, फक्त त्यात परदेशी हेर नाहीत. आहेत ते आपलेच अधिकारी, आपल्याच कचेऱ्या आणि आपलीच दिरंगाई.

२० जानेवारीला स्फोट घडवणारा मदनलाल जागीच पकडला गेला. त्याने पोलिसांना साथीदारांविषयी जे सांगितले त्यात करकरेचे नाव, मोडके का होईना, होते आणि एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. ‘अग्रणी’ बंद पडून ‘हिंदू राष्ट्र’ झालेल्या त्या पत्राचा संपादक नथुराम आणि चालक नारायण आपटे, ही माहिती काही गुप्त नव्हती. सरकारदरबारच्या वृत्तपत्रांच्या यादीत ती पाहायला मिळाली असती. हे दोघे ‘देशपांडे’ या नावाने ज्या मरीना हॉटेलात उतरले होते तेथे धुवायला दिलेले कपडे मागे राहिले होते, आणि त्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’, म्हणजे नथुराम विनायक गोडसे, अशी अक्षरे होती. या कपड्यांपाशी मी नेहमी थांबतो. संपादकाचा उल्लेख एका हातात, आद्याक्षरे दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात एकाच खात्याचे! मुंबईत रुइया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी २१ जानेवारीलाच मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून मदनलालविषयी माहीत होते ते सांगितले. दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी विमानाने मुंबईला आले आणि फारसे काही हाती न लागता परत पाठवले गेले. मुंबईचे पोलीस उपायुक्त नगरवाला यांच्या मनात, हा डाव गांधीजींना पळवून नेण्याचा आहे, अशी एक कल्पना बसली होती आणि तपास तिच्याच मागे धावत राहिला. पुरावा एकीकडे आणि आवडता सिद्धान्त दुसरीकडे, हा रोग फक्त हौशी मंडळींनाच होतो असे नाही, हे येथे नमूद करतो.

पुण्याच्या गुन्हा अन्वेषण विभागाचे उपमहानिरीक्षक राणा त्या वेळी दिल्लीत होते. मदनलालचा जबाब त्यांना मिळाला. तो घेऊन ते २५ तारखेला निघाले ते रेल्वेने, आणि तेही अलाहाबादमार्गे. मुंबईला पोचले २७ तारखेला. त्याच २७ तारखेला नथुराम आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले, तेथून ग्वाल्हेरला जाऊन पिस्तूल घेऊन परत आले, आणि दिल्लीच्या रेल्वे स्थानकावरच्या विश्रांतिगृहात उतरले. मारेकरी विमानात आणि जबाब आगगाडीत, असे ते दृश्य आहे. पुण्याच्या पोलिसांतला नथुरामला चेहऱ्याने ओळखणारा एखादा हवालदार बिर्ला भवनाच्या फाटकाशी उभा केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आपल्या लेखकांनी विचारला असता तर मी त्यांना अभिनंदनाचे पत्र लिहिले असते. गांधीजींनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही, हेही त्यात यायला हवे. परंतु ओळखणारा माणूस उभा करायला झडतीची गरज नव्हती.

मग लोक हे सोडून लंडनच्या मागे का लागतात? मी साताऱ्यात राहतो. आमच्या पेठेत एका जुन्या वाड्याच्या माजघरात, नवा गिलावा झाला तरी, दोन तुळया कोळशासारख्या काळ्या आहेत. मालकांनी त्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. फेब्रुवारी १९४८ च्या पहिल्या दिवसांत या जिल्ह्यात, कोल्हापूर-सांगलीकडे आणि इतरत्रही, मारेकऱ्याच्या जातीची म्हणून घरे जाळली गेली. ज्यांनी काही केले नव्हते त्यांना एका माणसाच्या कृत्याची शिक्षा मिळाली. अशा घरांतून, ‘खुनी आपला नव्हताच’ या वाक्याची ओढ असणे मी समजू शकतो. त्या वाड्यातली मंडळी मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, असे काही म्हणत नाहीत. म्हणणारे बहुधा नंतर जन्मलेले आणि बऱ्यापैकी दूर राहणारे असतात. पण जाळपोळीचा अन्याय सांगण्यासाठी चौथ्या गोळीची गरज काय? तो अन्याय मारेकरी कोण होता यावर अवलंबूनच नाही.

अफवेची किंमत त्या संध्याकाळीही लोकांना ठाऊक होती. गर्दीत कोणीतरी मारेकरी मुसलमान असल्याचे ओरडला, तेव्हा नक्की माहिती हाती नसतानाही माउंटबॅटन यांनी तो हिंदू असल्याचे ठणकावून सांगितले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. आणि आकाशवाणीने बातमी देताना मारेकरी हिंदू असल्याचे आवर्जून सांगितले. देश त्या वेळी कोणत्या उंबरठ्यावर उभा होता हे त्यावरून कळावे.

पक्षपाताचा आरोप नको म्हणून माझ्या आवडीच्या कथेलाही हाच गज लावतो. १९४४ मध्ये पाचगणीला नथुराम सुरा घेऊन गांधीजींवर धावला आणि भिलारे गुरुजींनी त्याला आवरले, ही हकीकत आमच्या जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाते. मलाही ती लहानपणापासून पाठ आहे. तेथे निदर्शने झाली हे मानायला अडचण नाही. पण सुऱ्याचा प्रसंग निर्विवाद सिद्ध झालेला नाही, म्हणून तो मी आता नातवंडांना सांगताना ‘असे म्हणतात’ हे शब्द जोडतो. त्याच धर्तीवर, पाकिस्तानला द्यायच्या पंचावन्न कोटींमुळे हत्या झाली असे जे ठामपणे सांगितले जाते त्यालाही एकदा तारखा लावून पाहाव्यात. गांधीजींचे उपोषण १३ जानेवारी १९४८ ला सुरू झाले आणि स्फोट २० तारखेला. एवढ्या सात दिवसांत राग जन्मला, माणसे जमली, हत्यारे मिळाली आणि पुण्या-मुंबईहून सगळे दिल्लीला पोचले, असे मानायचे असेल तर मानावे. सरकारपक्षाने मात्र कटाचा काळ डिसेंबर १९४७ पासूनचा धरला होता.

काही वर्षांपूर्वी दिल्लीला गेलो असता राजघाटाजवळच्या गांधी संग्रहालयात मी सपत्निक गेलो होतो. त्या दिवशीची वस्त्रे तेथे काचेआड आहेत आणि त्यांच्याजवळ एक गोळी ठेवलेली आहे, करंगळीच्या पेराहून लहान. शेजारी उभा असलेला एक तरुण मित्राला हलक्या आवाजात सांगत होता, “चौथी यांनी लपवली.” मी नोकरीच्या सवयीने गोळीखालची पाटी वाचत होतो, त्यामुळे काही बोललो नाही. ते राहिलेले बोलणे आता येथे करतो.

आपल्या लेखकांकडून मला उत्तर नको, एक पंचनामा हवा आहे. चौथी गोळी कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणाला मिळाली. ती कोणाच्या ताब्यात राहिली. कोणत्या पिस्तुलाशी ती ताडून पाहिली गेली. आणि ज्याने ती झाडली तो शेकडो माणसांच्या गराड्यात कोणत्या बाजूला उभा होता व कोणाच्याही नजरेस न पडता कोणत्या वाटेने गेला, एवढे त्यांनी पंचांच्या सह्यांसह द्यावे. तोपर्यंत आमच्या जुन्या खोलीतल्या रजिस्टरात ही वस्तू कोणत्या रकान्यात चढवायची, हे मला तरी सुचत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
सातारा